सिम लीगमध्ये कुठली टीम किती मॅच जिंकेल, याचा अंदाज नक्की कशावरून बांधायचा?

नवा_जीएम

मंडळी, आमची बास्केटबॉल जीएम या कॉम्प्युटर गेमवर तीस टीमची लीग आहे, प्रत्येक टीमला खराखुरा माणूस जीएम (जनरल मॅनेजर, टीम चालवणारा) आणि लीग चालवणारा कमिशनर टप्प्याटप्प्याने ८२ मॅचचा सीझन सिम करत जातो, म्हणजे मॅच कॉम्प्युटरकडून खेळवून घेतो. सीझन सुरू व्हायच्या आधी अंदाजाची स्पर्धा असते, तीसच्या तीस टीम किती जिंकतील ते लिहून द्यायचं, प्रत्येक टीममागे जेवढ्याने चुकलात ते सगळं मिळवायचं आणि ज्याची बेरीज कमी तो पहिला.

आता बहुतेक जण काय करतात, मागच्या वर्षीचं स्टँडिंग उघडतात, मोठा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) केलेल्या टीमला पाच-सात वाढवतात, म्हातारी वाटणारी टीम थोडी खाली आणतात, झालं. मला ते पटत नाहीये. एक टीम गेल्या सीझनला ६१ जिंकली, रोस्टर (खेळाडूंची यादी) जवळपास तेच आहे, तरी सगळे डोळे झाकून ६० लिहितायत ते मला जास्त वाटतंय पण का ते सांगता येत नाही. दुसरी एक टीम ३८ जिंकली होती, तिचे तीन पोरं चांगले वाढलेत. तिला किती द्यायच्या? शनिवारपर्यंत मुदत आहे. पद्धत सांगा, नुसता आकडा नको.

गणिती_गार्ड

तुझी शंका रास्त आहे. पहिली गोष्ट म्हणजे किती जिंकले ते बघूच नकोस, पॉइंट डिफरन्स बघ, म्हणजे दर मॅचला सरासरी किती पॉइंटने पुढे होते ते. जिंकलेल्या मॅचमध्ये एक-दोन पॉइंटवर काठावर जिंकलेल्या पण असतात आणि त्या पुढच्या वर्षी तशाच पडतील याची कुणी हमी देत नाही.

खऱ्या एनबीएतलं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधलं उदाहरण घे. २०१५-१६ ला गोल्डन स्टेट ७३-९ (७३ जिंकल्या, ९ हरल्या) आणि सॅन अँटोनियो ६७-१५. सहा विजयांचा फरक, पण पॉइंट डिफरन्स बघितला तर एक १०.८ च्या आसपास आणि दुसरी १०.६, म्हणजे जवळजवळ बरोबरीच्या टीम. आणि शेवटी चॅम्पियन झाले ५७ जिंकलेले क्लीव्हलँड, तेही फायनलला ३-१ ने मागे पडून.

साधा ठोकताळा असा की सरासरी टीम ४१ जिंकते आणि डिफरन्सच्या दर एका पॉइंटला साधारण २.७ विजय वाढतात. जरा नीट करायचं असेल तर पायथागोरियन फॉर्म्युला आहे, केलेल्या आणि खाल्लेल्या पॉइंटचा घात घेऊन जिंकण्याचं प्रमाण काढणारा, बिल जेम्सने बेसबॉलसाठी काढलेला, त्यात घात २ होता. बास्केटबॉलला आकडेतज्ज्ञ डॅरिल मोरीने १३.९१ वापरला, दुसरा आकडेतज्ज्ञ जॉन हॉलिंजर १६.५ वापरायचा. समजा टीमने सरासरी ११२ केले आणि १०९ खाल्ले, १३.९१ ने काढलं तर ४८-४९ विजय येतात आणि ठोकताळ्याने ४९, म्हणजे उन्नीस-बीसच. तुझ्या ६१ वाल्यांचा डिफरन्स किती होता? तो ५.५ असेल तर ती मुळात ५६ ची टीम आहे, वरचे पाच नशिबाचे.

सहावा_माणूस

गार्डभाऊंचं बरोबर आहे पण तो सगळा गेल्या वर्षीचा हिशोब झाला. मी आधी वय बघतो. तिशी ओलांडलेले चार जण पहिल्या सहात असतील तर ती टीम घसरणार, आणि बावीस-तेवीसची पोरं असतील तर वर जाणार. आणि बेंच. कागदावर पहिले पाच भारी आणि सहाव्यापासून बोंब अशा टीम मी कधीच वर ठेवत नाही.

झोन_डिफेन्स

नवा_जीएम, एक सांग, अंदाज प्रीसीझनच्या आधी द्यायचेत की नंतर? सगळं उत्तर यावर अवलंबून आहे.

नवा_जीएम

नंतर. प्रीसीझन होऊन गेलाय, नवे रेटिंग (खेळाडू किती चांगला त्याचे आकडे) दिसतायत, फ्री एजंट (करार संपलेले मोकळे खेळाडू) पण सगळे साइन झालेत. ६१ वाल्यांचा डिफरन्स आत्ता बघितला, ५.४ होता!

झोन_डिफेन्स

मग सहावा_माणूस म्हणतोय ते वयाचं प्रकरण तुझ्यासाठी निकालात निघालं. या गेममध्ये खेळाडूंचे रेटिंग वर्षातून एकदाच हलतात, प्रीसीझनला. म्हातारे जेवढे घसरायचे तेवढे घसरून झालेत, पोरं वाढायची तेवढी वाढलीत, आता सीझनभर तेच आकडे राहणार (मोठ्या इंज्युरीने एखाद्याचं रेटिंग खाली येतं तेवढंच). वय परत मोजलंस तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं होईल. फ्री एजन्सीत साइन करताना वय बघणं वेगळं, कारण तेव्हा रेटिंग हलायचे बाकी असतात, तिथे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं.

आणि गार्ड, माफ करा, पण त्याच्याकडे आजचे रेटिंग आहेत तर गेल्या वर्षीचा डिफरन्स तरी कशाला? ६१ वाले फुगलेले होते हे कळायला तो उपयोगी, पुढचं सगळं आजच्या रोस्टरवरून काढावं.

कसं ते सांगतो. पॉवर रँकिंगच्या पानावर प्रत्येक टीमचं ओव्हरऑल रेटिंग दिसतं. गेमचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, आणि ते रेटिंग म्हणजे मुळात पॉइंट डिफरन्सचाच अंदाज दुसऱ्या मापात मांडलेला आहे. ५० म्हणजे डिफरन्स शून्य, आणि दर १० रेटिंगला ३ पॉइंट. म्हणजे ६० ची टीम +३, ७० ची +६. त्याला गार्डच्या २.७ ने गुणलं की दर १० रेटिंगला साधारण ८ विजय. ६० ला ४९, ७० ला ५७. एवढं सरळ आहे आणि तरी लोक स्टँडिंग बघून आकडे फेकतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक तपासणी न चुकता कर. तीस टीम, प्रत्येकी ८२ मॅच, प्रत्येक मॅचला एकच जिंकतो, म्हणजे एकूण विजय १२३० च असणार. सगळ्या अंदाजांची बेरीज मारून बघ. लोकांच्या अंदाजांची बेरीज हमखास त्याच्या वर जाते, कारण वाढवायला सगळ्यांना आवडतं, कमी कुणाचे करायचे ते कुणी ठरवत नाही.

सहावा_माणूस

वयाचं मान्य, प्रीसीझन झालाय हे आधी लिहिलं नव्हतं. पण बेंचचा मुद्दा मी सोडणार नाही.

झोन_डिफेन्स

सोडूही नकोस, फक्त तो वेगळ्या जागी बसतो. टीमचं रेटिंग काढताना वरचे दहा खेळाडू धरतात आणि वजन उतरत जातं, पहिल्याचं सगळ्यात जास्त आणि दहाव्याचं पहिल्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे सगळे धडधाकट असताना बेंचने फार फरक पडत नाही, एका स्टारवर टीम उभी राहते. बेंच कामाला येतो तो इंज्युरीत.

दोन टीम डोळ्यासमोर आण, दोन्हींचं रेटिंग सारखंच. एकीचा पहिला ७५ चा, दुसरा ६२, मग ५८, ५५ असं उतरत दहावा ४०. दुसरीचे दहाच्या दहा ५८ चे. पहिल्या टीमचा ७५ वाला गेला की प्रत्येक जण एक पायरी वर सरकतो आणि प्रत्येक पायरीवर तोटा होतो, टीमचा डिफरन्स सहज ९-१० पॉइंटने पडतो. दुसऱ्या टीमचा कुणीही गेला तरी एक पॉइंट पण पडत नाही. ९ पॉइंट पडले आणि तो २० मॅच बाहेर बसला तर सहा विजय गेले समज. खऱ्या लीगमध्ये पण हेच, १९९६-९७ ला सॅन अँटोनियोचा स्टार डेव्हिड रॉबिन्सन सहाच मॅच खेळला आणि टीम ५९ विजयांवरून २० वर आली.

म्हणून एका स्टारवरच्या टीमला मी फॉर्म्युल्यापेक्षा एक-दोन कमी देतो आणि सपाट टीमला आहे तेवढेच ठेवतो. त्याच पानावर इंज्युरी धरून आजचं रेटिंग वेगळं दिसतं, ते पण बघून घे, कुणी आत्ताच जखमी असेल तर कळेल.

ट्रेड_डेडलाइन

उशिरा आलो पण एक मोठी गोष्ट राहिलीय. ही तीस माणसांची लीग आहे, तीस कॉम्प्युटरची नाही. रेटिंगमध्ये माणूस दिसत नाही. जानेवारीपर्यंत १२-३० वर असलेला जीएम काय करतो? चांगला खेळाडू विकतो, पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) गोळा करतो, उरलेला सीझन मुद्दाम सोडून देतो. आणि तो खेळाडू जातो कुठे, तर आधीच वर असलेल्या टीमकडे. म्हणजे सीझनच्या दुसऱ्या अर्ध्यात तळातल्या आणखी खाली जातात आणि वरच्या थोड्या वर. फॉर्म्युल्याने २४ आले असतील आणि तो जीएम विकणारा असेल तर मी २० लिहितो.

तुमच्या लीगमध्ये लॉटरी (तळातल्या टीमपैकी पहिला पिक कुणाला ते ठरवणारी सोडत) कुठली आहे तेही बघ. एनबीएने २०१९ ला शेवटच्या तिघांना पहिल्या पिकची सारखीच १४ टक्के संधी दिली, त्यामुळे अगदी तळाला जाण्यात पूर्वीसारखा फायदा उरला नाही, तिसरं शेवटून आलं तरी चालायचं. पण तिथपर्यंत घसरण्यात फायदा होताच. माणसं ओळखा, कोण धीर धरतो आणि कोण दहा मॅच हरल्यावर सगळं मोडून टाकतो. जुन्या सीझनचे ट्रेड चाळले की एका संध्याकाळी कळतं.

नवा_जीएम

हे भारी आहे, माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्यात असे दोघं तर नक्की आहेत.

अजून एक विचारू का, लीगची फाइल सगळ्यांना डाउनलोड करता येते. ती माझ्या कॉम्प्युटरवर टाकून सीझन पुन्हा पुन्हा सिम केला आणि सरासरी घेतली तर? ते चीटिंग होईल का?

गणिती_गार्ड

फाइल सगळ्यांना खुली आहे तर चीटिंग कसलं, तरी कमिशनरला एकदा विचार, नियम त्याचा. फायदा एवढाच की इंज्युरी आणि शेड्युल आपोआप हिशोबात येतात. पण एआय टीमचे आपापसातले ट्रेड सेटिंगमधून बंद करून मगच चालव, नाहीतर कॉम्प्युटर स्वतःच रोस्टर हलवेल आणि तू भलत्याच लीगची सरासरी काढत बसशील. आणि एकदा सिम करून त्याला उत्तर समजू नकोस हे मुद्दाम सांगतो, एका वेळच्या निकालात नशीब किती असतं ते लोकांना खरं वाटत नाही.

बघ, अगदी सरासरी टीम घे, प्रत्येक मॅच निम्मी-निम्मी. ८२ मॅचला विजयांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार) साधारण ४.५ येतं. म्हणजे टीमबद्दल सगळं तंतोतंत माहीत असलं तरी दर तीनातल्या एका सीझनला ती ३६ किंवा त्याहून खाली, नाहीतर ४६ किंवा त्याहून वर जाणार, यात जीएमचं कौतुक पण नाही आणि दोष पण नाही. तीस टीम आहेत म्हटल्यावर एक-दोन टीम तर नऊ-दहा विजयांनी चुकणारच, कितीही हुशारीने काढलं तरी. त्यामुळे सीझन संपल्यावर एखाद्या टीमचा अंदाज दहाने हुकला म्हणून पद्धत बदलू नकोस. सरासरी टीममागे चार-पाच चूक आली तर तू उत्तम केलंस, त्याच्या खाली वर्षानुवर्षे कुणी राहू शकत नाही.

तुमची स्पर्धा नुसत्या फरकाची बेरीज करते, फरकाचा वर्ग नाही करत, हे पण धरून चाल. अशा वेळी सरासरीपेक्षा मधला आकडा लिहावा, मिडियन. झोनची ती एका स्टारवरची टीम घे. बहुतेक सिममध्ये ती ५० च्या आसपास येते आणि थोड्या सिममध्ये स्टार पडल्यामुळे ३५, सरासरी ४८ दिसेल पण तू ५० किंवा ४९ लिही. वर्गाची स्पर्धा असती तर ४८ बरोबर होतं.

झोन_डिफेन्स

हा मुद्दा चांगला आहे, मी वर एक-दोन कमी म्हटलं तिथे तुमच्या स्पर्धेपुरतं एकच कमी कर.

नवा_जीएम

काल रात्री बसून सगळ्या टीम काढल्या. बेरीज १२७८ आली, म्हणजे ४८ जास्त! कुठे गडबड झाली असेल?

झोन_डिफेन्स

लीगचं सरासरी रेटिंग किती आहे? ५० धरून केलंस ना?

नवा_जीएम

हो. आत्ता मोजलं तर सरासरी ५२ आहे.

झोन_डिफेन्स

तेच. टीम आपापसातच खेळतात, त्यामुळे तुमच्या लीगमध्ये ५२ म्हणजे शून्य. सगळ्यांच्या रेटिंगमधून ५२ वजा कर. दोन रेटिंगला ०.६ पॉइंट, म्हणजे टीममागे १.६ विजय, गुणिले तीस, बरोबर तुझे ४८.

नवा_जीएम

जुळलं! ६१ वाल्यांचं रेटिंग ६८ आहे, म्हणजे १६ वर, ४.८ पॉइंट, ५४ विजय. त्यांची भिस्त एकाच खेळाडूवर आहे म्हणून ५३ लिहितोय. ३८ वाल्यांचं ५८ आहे, त्यांना ४६. सगळे ६० म्हणतायत तिथे मी ५३ देतोय, थोडी धाकधूक आहे पण हिशोब समोर आहे. ते दोघं विकणारे जीएम, एकाला २३ आले होते त्याचे २० केले, दुसऱ्याला २७ आले होते त्याचे २४, आणि ते कमी केलेले सहा विजय वरच्या चार टीममध्ये वाटले म्हणजे बेरीज परत १२३० होते.

ट्रेड_डेडलाइन

वाटताना ज्यांच्याकडे सॅलरी कॅपमध्ये (पगाराच्या मर्यादेत) जागा आहे किंवा द्यायला पिक आहेत त्यांनाच दे, नुसत्या वरच्या म्हणून नको. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही तो ट्रेडच्या डेडलाइनला घेणार काय?

नवा_जीएम

बघतो, चारातल्या एकाने पुढच्या तिन्ही वर्षांचे पिक आधीच देऊन टाकलेत. त्याचे काढून उरलेल्या तिघांना प्रत्येकी दोन देतो आणि रात्री पाठवून टाकतो.