मदत हवी आहे: 'वॉकर' आडनावामागच्या कामाला मराठी शब्द?

इंग्रजी आडनावांवर छोटा लेख लिहितोय, 'वॉकर'पाशी अडलोय. हा चालणारा नव्हे. विणलेलं लोकरी कापड हौदात, बऱ्याचदा शिळ्या मुतात, पायांनी तुडवून घट्ट करणारा. उत्तर इंग्लंडात वॉकर, नैर्ऋत्येला टकर, आग्नेयेला फुलर, काम एकच. (आपल्या मुलतानी मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात, तो हाच फुलर.)

मोल्सवर्थचा शब्दकोश मराठीकडून इंग्रजीकडे जातो, म्हणजे आधी शब्द माहीत हवा! 'तुडवणारा' लिहून पाहिलं, कापड डोळ्यांपुढे येतच नाही. धोबी, रंगारी चालणार नाहीत. पिंजारी सुचवू नका, तो विणण्याआधीचा.

घोंगडी विणणाऱ्या सणगर किंवा धनगर घरांत, मागावरून उतरलेलं कापड तुडवून दाट करण्याला आणि ते करणाऱ्याला काय म्हणतात? बोलीतला शब्दही चालेल, फक्त कुठल्या भागातला ते सांगाल का?