गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हते

वसईच्या संत गोन्सालो गार्सियांना काही जण ‘फादर गोन्सालो’ म्हणतात. दुरुस्ती करतो: ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघाचे) ब्रदर, म्हणजे व्रतधारी बंधू होते. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणं, भाविकांचं पापनिवेदन ऐकणं ही धर्मगुरूंची कामं त्यांची नव्हतीच. आधी ते जपानात येशूसंघीयांचे (जेझुइट संघाचे) धर्मशिक्षक होते, मग व्यापारात शिरले आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन झाले. त्यांचं खरं बळ जपानी भाषा. 1593 मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले ते दुभाषे म्हणूनच. त्यांच्याशिवाय त्या मंडळींचं तिथे पानही हललं नसतं, असं माझं मत. क्योतोत या फ्रान्सिस्कन संघाने कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. संघाचं दारिद्र्याचं व्रत समजून घ्यायचं तर दरबारापेक्षा तिकडे बघावं.

पुढे हिदेयोशीच्याच हुकमाने गोन्सालोंना क्रुसावर मारलं. चित्रांत त्यांना खिळे ठोकलेले दिसतात, ते चूक. नागासाकीच्या क्रुसावर हातपाय आणि मान लोखंडी कड्यांनी व दोरांनी जखडत, मध्ये टेकायला खुंटी असे. मग दोन्ही बाजूंनी भाले खुपसत. त्याआधी क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापून, भर थंडीत नागासाकीपर्यंत धिंड. 5 फेब्रुवारी 1597 रोजी एकूण 26 जण मारले गेले: 6 फ्रान्सिस्कन, 3 येशूसंघीय, बाकी 17 जपानी प्रापंचिक.

आणि केरळच्या सिस्टर अल्फोन्सांना ‘पहिल्या भारतीय संत’ म्हणतात, हेही अर्धवट. 2008 साली त्या भारतातल्या पहिल्या महिला संत झाल्या. गोन्सालोंना संतपद 1862 सालीच मिळालंय. वसईतल्या गास गावच्या चर्चला त्यांचंच नाव आहे.