बिल काढताना खिडकी गोठते, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं (पायथन, टीकिंटर, एसक्यूलाइट)

दूधवाट

नमस्कार. आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितोय. संस्था वाळवा तालुक्यातली, सभासद ६५०, दूध सकाळ-संध्याकाळ. मशीनवर विंडोज १० आहे. पायथन भाषा, खिडक्या-बटणांसाठी टीकिंटर आणि नोंदी साठवायला एसक्यूलाइट डेटाबेस वापरलाय. वजनकाटा सिरियल पोर्टवर जोडलाय, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सध्या हातानेच टाकतो.

अडचण दोन ठिकाणी येते. दहा दिवसांचं ‘बिल काढा’ बटण दाबलं की साधारण १३,००० नोंदींचा हिशोब सुरू होतो. खिडकी पांढुरकी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसतं. थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होते आणि बिलंही बरोबर असतात. पण सचिवांना वाटतं बंद पडलं. ते टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारतात आणि अर्ध्या सभासदांची बिलं झालेली, अर्ध्यांची नाहीत, असं होऊन बसतं.

दुसरं म्हणजे काट्याची वायर सैल झाली की अशीच गोठते, पण तेव्हा सुटतच नाही.

प्रोग्रेसबार लावून पाहिला. तो जागचा हलत नाही, शेवटी एकदम शंभर टक्के दाखवतो. थ्रेड (प्रोग्राममध्येच समांतर चालणारं वेगळं काम) वापरावा का? की मशीनच बदलायला सांगू?

पेनगंगा

मशीन बदलू नका. हिशोबाच्या लूपमध्ये (फेऱ्यांत) प्रत्येक सभासदानंतर ‘रूट.अपडेट()’ टाका. माझ्या किराणा बिलिंगमध्ये तेवढ्यावर भागलं, प्रोग्रेसबारही हलायला लागतो.

वजनकाटा

पेनगंगा म्हणतात त्याने बार हलेल, पण बिलाच्या कामात मी ते करू देणार नाही. कारण सांगते. ‘अपडेट’ नुसती खिडकी रंगवत नाही, साठलेले सगळे क्लिक आणि कीबोर्डच्या कळाही चालवते. हिशोब २०० व्या सभासदावर असताना सचिवांनी घाईने पुन्हा ‘बिल काढा’ दाबलं, तर पहिल्या बिलाच्या पोटात दुसरं बिल सुरू होतं. दुसरं संपतं, मग पहिलं २०१ पासून पुढे चालू लागतं. एकाच सभासदाच्या नावावर दोन बिलं पडायला एवढं पुरे. फक्त रंगवण्यासाठी ‘अपडेट_आयडलटास्क्स’ आहे, ते क्लिक घेत नाही. पण मग विंडोजच्या लेखी खिडकी गोठलेलीच राहते.

दूधवाट, आधी गोठते का ते बघू. टीकिंटरमध्ये ‘मेनलूप’ एकाच थ्रेडवर चालतो. क्लिक घेणं, कळा घेणं, खिडकी रंगवणं, सगळं त्याच्याकडे. तुमच्या संस्थेत काट्यावर बसणारा एकच माणूस मागच्या खोलीत बिलं लिहायला गेला, तर दारातली रांग थांबणारच. बटणाचं फंक्शन परत येईपर्यंत मेनलूप असाच मागच्या खोलीत अडकलेला असतो. खिडकीने ५ सेकंद एकही संदेश उचलला नाही की विंडोज ती गोठली असं समजतं आणि तो पांढुरका पडदा टाकतं. तुमचा प्रोग्रेसबार याच कारणाने हलत नाही. बारचा आकडा बदलतो, पण रंगवणारा मोकळा नसतो.

आता थ्रेडच्या आधी एक काम करा. एवढ्या नोंदींना इतका वेळ लागायलाच नको. कोड पाहिलेला नाही, पण दोन संशय आहेत. एक, लूपमध्ये प्रत्येक सभासदासाठी वेगळी ‘सिलेक्ट’ क्वेरी (डेटाबेसकडे नोंदी मागणारी आज्ञा) आहे आणि सभासद क्रमांक व तारखेवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधायची सोय) नाही. तसं असेल तर दर सभासदामागे सगळं टेबल पहिल्यापासून चाळलं जातं, आणि वर्षभराच्या नोंदी साठल्या की हे आणखी जड होत जाणार. क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ लावून पाहा. ‘स्कॅन’ आलं तर सगळं पहिल्यापासून चाळलं जातंय, ‘सर्च’ आलं तर ठीक. खरं तर सभासदाप्रमाणे ‘ग्रुप बाय’ करून एकाच क्वेरीत सगळ्यांच्या लिटरची आणि रकमेची बेरीज मिळते.

दुसरा संशय प्रत्येक बिलानंतरच्या ‘कमिट’चा. कमिट म्हणजे डेटा डिस्कवर खरोखर पोचेपर्यंत थांबणं. ७,२०० आरपीएमच्या जुन्या हार्डडिस्कवर असे सेकंदाला ६० च्या आसपासच होतात. म्हणजे ६५० बिलांना ११ सेकंद नुसते थांबण्यात गेले. सगळी बिलं एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा एका गठ्ठ्यात) घाला आणि शेवटी एकदाच कमिट करा. याने वेळ वाचेलच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरं. मध्येच कुणी प्रोग्राम मारला तर एकही बिल पडणार नाही. अर्ध्यांना मिळालं आणि अर्ध्यांना नाही, ही गोष्ट दूध घालणाऱ्या माणसाला समजावून सांगता येत नाही, आणि सांगायची वेळ येऊही नये.

एवढं करूनही काम लांबलं तरच बिलासाठी थ्रेड. नियम एकच, पण कडक पाळायचा: कामाच्या थ्रेडने पडद्यावरच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. लेबलही बदलायचं नाही. त्याने ‘क्यू’मध्ये (निरोपांच्या रांगेत) निरोप टाकायचा, आणि मुख्य थ्रेडने ‘आफ्टर’ लावून दर १०० मिलिसेकंदांनी तो क्यू रिकामा करायचा. पडदा बदलायचा तो तिथेच. काम सुरू होताच ‘बिल काढा’ बटण बंद करा, संपल्याचा निरोप आला की पुन्हा चालू करा. थ्रेडमध्ये एरर आली तर तीही क्यूमधूनच पाठवा, नाहीतर थ्रेड मुकाट्याने मरतो आणि बटण कायमचं बंद राहतं.

काट्याला मात्र थ्रेड हवाच. काट्याचा आकडा वाचायला ‘रीडलाइन’ वापरत असाल तर ते ओळ पूर्ण येईपर्यंत थांबतं, आणि पोर्ट उघडताना ‘टाइमआउट’ (थांबायची कमाल मुदत) दिला नसेल तर ते कायमचं थांबतं. वायर सैल झाली की ओळ येत नाही आणि मेनलूप तिथेच अडकतो. टाइमआउट १ सेकंद ठेवा, वाचन वेगळ्या थ्रेडवर न्या. सतत वजन पाठवणाऱ्या काट्याचे आकडे क्यूमध्ये भराभर साठतात, म्हणून दर वेळी क्यू पूर्ण रिकामा करून शेवटचाच आकडा दाखवा. एक-दोन सेकंद आकडा आला नाही तर जुनं वजन पडद्यावर ठेवू नका. ते पुसा आणि लाल अक्षरांत ‘काटा जोडलेला नाही’ असं लिहा.

आणि ‘नोंद करा’ दाबल्यावर क्यूमधून नवा आकडा उचलू नका. पडद्यावर त्या क्षणी जो दिसत होता तोच साठवा. मी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांची सॉफ्टवेअर लिहीत आले आहे, आणि गाडीवान खिडकीतून आकडा वाचत उभा असतो. त्याने वाचलेला आणि पावतीवर छापलेला आकडा वेगळा निघाला, तर त्याचा काट्यावरचा विश्वास तिथेच संपतो. तुमच्याकडेही कॅन घेऊन उभ्या असलेल्या बाईची नजर त्याच आकड्यावर असणार.

दूधवाट

ताई, खूप आभार. दोन्ही संशय खरे निघाले. इंडेक्स लावला, एकच क्वेरी केली, कमिट शेवटी घेतला. हिशोब आता चटकन होतो. काट्याचा थ्रेडही चालला, वायर काढून पाहिली, लाल अक्षरं येतात.

पण सगळ्या नोंदींची यादी ट्रीव्ह्यूमध्ये (टीकिंटरच्या तक्त्यात) भरताना अजून अडकतं. म्हणून ते काम थ्रेडमध्ये नेलं, तर एसक्यूलाइट म्हणतं की ज्या थ्रेडमध्ये ऑब्जेक्ट बनवलं त्याच थ्रेडमध्ये ते वापरता येईल. ‘चेक_सेम_थ्रेड’ ही तपासणी फॉल्स (बंद) केली की एरर जाते, तसंच ठेवू का?

आणखी दोन बारीक गोष्टी. अक्षरं धूसर दिसत होती म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला डीपीआय अवेअरनेस (स्क्रीनच्या स्केलिंगप्रमाणे प्रोग्रामनेच अक्षरं रंगवायची सोय) लावला. अक्षरं स्वच्छ झाली, पण यादीत ‘कुंभार’चा उकार आणि ‘मोरे’ची मात्रा कापली जाते. आणि काळे हे नाव काशीदच्या आधी येतं. सचिवांची हजेरीवही तशी नाही.

खिळे_जुळारी

कापलेल्या मात्रांचं मी सांगतो. ट्रीव्ह्यूच्या ओळीची उंची फॉन्टकडे बघत नाही, ती मुळात २० पिक्सेल ठरलेली असते. विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असेल तर डीपीआय ९६ ऐवजी १२० धरला जातो. अवेअरनेस लावल्यावर अक्षर त्या प्रमाणात वाढतं, ओळ तेवढीच राहते. रोमन अक्षर त्यात कसंबसं मावतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार, म्हणून आपलंच आधी कापलं जातं.

उंचीचा आकडा हाताने टाकू नका. फॉन्टच्या ‘मेट्रिक्स’मधून ‘लाइनस्पेस’ मागा, त्यात ५-६ पिक्सेल मिळवा आणि ‘स्टाइल’मध्ये ‘ट्रीव्ह्यू’ची ‘रोहाइट’ तेवढी ठेवा. फॉन्ट नाव घेऊन ठरवा. विंडोज १० वर निर्मला यूआय असतो आणि त्यात देवनागरी नीट आहे. तपासायला ‘कुंभार’ पुरेसा नाही. ‘दृष्टी’, ‘कीर्ती’, ‘ट्रॅक्टर’, ‘कृष्णा’ हे शब्द एकाखाली एक लावा. वरचा ऋकार खालच्या रफाराला चिकटत नसेल तर उंची बरोबर.

वजनकाटा

खिळे_जुळारी यांनी दिलेली शब्दांची यादी मीही ठेवून घेतली.

दूधवाट, ‘चेक_सेम_थ्रेड’ फॉल्स करून ठेवू नका. ती एरर तुम्हाला सावध करत्ये. एकच कनेक्शन दोन थ्रेड वापरू लागले की एकाच्या कमिटमध्ये दुसऱ्याची अर्धवट नोंद जाऊ शकते. थ्रेड सुरू झाल्यावर त्याच्या आतच नवं कनेक्शन उघडा आणि काम संपलं की बंद करा.

त्यातून एक नवी अडचण येईल, ती आत्ताच सांगते. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. बिलाचा थ्रेड लिहीत असताना काउंटरवर दुधाची नोंद पडली, तर ती कुलूप सुटायची वाट बघते. पायथनमध्ये ही वाट ठरलेली ५ सेकंदांपर्यंत असते आणि ती मुख्य थ्रेडवरच बघितली जाते. म्हणजे खिडकी पुन्हा गोठली. म्हणून आधी सगळा हिशोब मेमरीत पूर्ण करा आणि मगच लिहिण्याचं ट्रान्झॅक्शन उघडा, म्हणजे कुलूप क्षणभरच लागेल. ‘वॉल’ मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) चालू केला तर लिहिणं चालू असतानाही वाचणारे अडत नाहीत. तो जरूर करा, पण लिहिणारा तरीही एकच राहतो.

यादीचं थ्रेडने सुटणार नाही. ट्रीव्ह्यूमध्ये ओळ घालणं हे पडद्याचंच काम आहे, ते मुख्य थ्रेडवरच होणार. भरायचंच असेल तर २०० ओळी घाला, ‘आफ्टर’ने पुढच्या २०० ची पाळी लावा, असं तुकड्यातुकड्याने भरा. पण १३,००० ओळी डोळ्यांनी कोण वाचणार? सचिवांना एका सभासदाच्या २० नोंदी हव्या असतात. वर सभासद क्रमांकाची चौकट द्या, एंटर दाबलं की तेवढ्याच आणा.

आता काळे आणि काशीद. एसक्यूलाइट युनिकोडच्या (अक्षरांना दिलेल्या ठरावीक क्रमांकांच्या) क्रमाने लावतं, आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. म्हणून काशीद आधी, काळे नंतर, आणि सचिवांची वहीच बरोबर आहे. तुलना करणारं छोटं फंक्शन लिहा. नावातल्या प्रत्येक ‘ळ’च्या जागी ‘ह’च्या लगेच पुढच्या कोडचं चिन्ह धरून ते दोन नावं ताडून बघेल. हे फक्त तुलनेपुरतं, साठवलेल्या नावाला हात लावायचा नाही. ते कोलेशन (क्रम लावायचा नियम) म्हणून ‘क्रिएट_कोलेशन’ने नोंदवा आणि ‘ऑर्डर बाय’मध्ये वापरा. ही नोंद डेटाबेस फाइलमध्ये राहत नाही, कनेक्शनपुरतीच असते. तेव्हा कनेक्शन उघडणारं एकच फंक्शन ठेवा, कोलेशनची नोंद त्यातच करा आणि मुख्य थ्रेड असो की बिलाचा, दोघांनाही तेच वापरू द्या. नाहीतर पडद्यावर काशीद आधी आणि छापील बिलांच्या गठ्ठ्यात काळे आधी येईल, आणि वाटपाच्या दिवशी गठ्ठा हाताने लावत बसावं लागेल.