खाऱ्या बिस्किटांची टॉफी, चिक्की आणि रोल: अनुभव धागा

दुकानातून आणलेल्या खाऱ्या, मारी किंवा ग्लुकोज बिस्किटांचे गोड पदार्थ सातारा-सांगलीकडे बऱ्याच घरांत होतात. त्यासाठी हा धागा. वजनं ग्रॅममध्ये लिहा, गॅस किती ठेवायचा ते लिहा, आणि मुख्य म्हणजे काय बिघडतं आणि का, ते लिहा. "अंदाजाने घ्या" नको. सुरुवात टॉफीपासून करते, कारण सर्वांत जास्त प्रश्न तिचेच असतात.

25 सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेला बटर पेपर लावायचा आणि पाच बाय पाच अशी 25 खारी गोल बिस्किटं एकमेकांना चिकटून मांडायची. मिठाचे कण असलेली बाजू खाली ठेवावी, म्हणजे तुकडा तोंडात गेला की जिभेला आधी मीठ लागतं. मधल्या फटींत तुकडे भरायचे, नाहीतर पाक तिथून खाली उतरतो आणि वरचा थर पातळ राहतो. जाड बुडाच्या पातेल्यात 150 ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि 150 ग्रॅम साखर मंद आचेवर एकत्र वितळवायची. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच वाढवायची नाही. मग मध्यम आच, आणि सगळीकडून बुडबुडे आले की तिथून 3 मिनिटं, सतत ढवळत. बिस्किटांवर ओतायचं आणि 175 अंशांवर 8 ते 10 मिनिटं भाजायचं. बाहेर काढताना पृष्ठभागावर बारीक फेस खदखदत असला पाहिजे आणि रंग कंदी पेढ्यासारखा हवा. त्याहून फिका असेल तर थंड झाल्यावर टॉफी दाताला चिकटते. लगेच वर 150 ग्रॅम चॉकलेटचे तुकडे पसरा, 5 मिनिटं झाका, मग सुरीने सारखं करा.

बाजारातलं पिवळं बटर खारट असतं. बिस्किटं खारी, बटर खारं आणि वर खारे शेंगदाणे घातले तर मीठ अंगावर येतं. तिन्हींपैकी एकच खारं ठेवा.

कराडहून

पाकातून तूप सुटतं, ही तक्रार नेहमीची. साखर खाली दाणेदार आणि वर पिवळं तेल तरंगतं. आच अचानक वाढवली, ढवळणं मध्येच थांबलं किंवा फ्रिजमधलं कडक बटर थेट गरम पातेल्यात पडलं की असं होतं. ओतून देऊ नका. गॅस बारीक करून एक चमचा उकळतं पाणी घाला आणि जोरात ढवळा. नाहीच जुळलं तर आणखी एक चमचा. पाणी घातलं की 2-3 मिनिटं जास्त शिजवावं लागतं, कारण ते पुन्हा उडून जायला हवं.

बटरऐवजी साजूक तूप चालतं का, असं बरेच जण विचारतात. या टॉफीला नाही. बटरमध्ये थोडं पाणी आणि दुधाचे घन पदार्थ असतात, त्यांच्यामुळे साखर आणि स्निग्धांश एकजीव राहतात. तुपात ते नसल्याने पाक फुटतो. घरचं लोणी मात्र उत्तम, पण ताक पूर्ण निघेपर्यंत गार पाण्यात तीन-चार वेळा धुवा. ताक राहिलं तर ते तळाला लागून करपतं.

साताऱ्याहून

ओव्हन नसेल तर पाक पातेल्यातच पुढे न्यायचा. उकळी आल्यापासून मध्यम-मंद आचेवर साधारण 8 ते 10 मिनिटं, थर्मामीटर असेल तर 148 ते 150 अंश. नसेल तर गार पाण्याच्या वाटीत थेंब टाका. थेंब बोटात दबला तर अजून वेळ आहे. वाकला तरीही वेळ आहे. कट्ट आवाज करून मोडला की गॅस बंद. वाटीतलं पाणी दर वेळी बदला, कोमट पाण्यात चाचणी फसवते. यानंतर तुमच्याकडे अर्धा मिनिट असतो, म्हणून ट्रे, चमचा, चॉकलेट सगळं आधी हाताशी. बिस्किटंही कोमट करून ठेवा. गार बिस्किटावर पाक पडल्या जागीच गोठतो.

हा पाक कातडीला चिकटून राहतो, म्हणून भाजणं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. हातावर पडलाच तर ओरबाडू नका, नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं हात धरा. बर्फ नको.

वाईहून

पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पुडा फोडला की तासाभरात बिस्किटं सादळतात. सादळलेल्या बिस्किटावर कितीही चांगला पाक ओता, खालून चामट लागणारच, कारण वर पाकाचं झाकण बसतं आणि आतली ओल आतच अडकते. आधी 120 अंशांवर 10 मिनिटं, नाहीतर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी 4-4 मिनिटं. गरम असताना बिस्किट मऊच लागतं, त्यामुळे गार करून एक मोडून बघा. आवाज आला की झालं.

तयार टॉफीही हवेतलं पाणी ओढते. पूर्ण गार झाली की लगेच तुकडे करा, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घाला आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. जरा कोमट असताना झाकण लावलं तर वाफेने दुसऱ्या दिवशी चिकट. फ्रिजमध्ये ठेवली असेल तर डबा बंदच ठेवून बाहेर अर्धा तास ठेवा, मग उघडा. नाहीतर थंड तुकड्यांवर दव धरतं.

इस्लामपूरहून

गुळाचं सांगतो. साखरेच्या जागी सगळा गूळ घालू नका. गुळात ओल जास्त, तो हवेतली ओलही पटकन ओढतो आणि साखरेआधी करपतो. 150 ग्रॅममध्ये 100 साखर आणि 50 गूळ, एवढ्यावर चव येते आणि कुरकुरीतपणाही टिकतो.

सगळा गूळच हवा असेल तर टॉफी सोडा, चिक्की करा. 200 ग्रॅम चिक्कीचा गूळ, 2 चमचे तूप, 150 ग्रॅम खाऱ्या बिस्किटांचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे. गूळ 2 चमचे पाण्यात वितळवून गाळून घ्या, त्यात खडे असतात. मग तूप घालून कडक पाक होईपर्यंत मध्यम आच. गॅस बंद करून चिमूटभर खायचा सोडा घाला. पाक फसफसून वर येतो, म्हणून पातेलं उंच काठाचं घ्या. या बुडबुड्यांमुळे चिक्की दाताखाली हलकी लागते. सोडा चिमटीपेक्षा जास्त झाला तर रंग काळपट आणि चव साबणासारखी. कोमट तुकडे मिसळून तूप लावलेल्या पोळपाटावर ओता. लाटणं फिरवताना शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा जोर लावायचा नाही, बिस्किटांचा भुगा होतो. दोनदा हलकं फिरवा आणि लगेच सुरीने रेघा मारा. जिऱ्याची बिस्किटं इथे फार छान लागतात, गूळ-जिरं ही जोडी आपल्या जिभेच्या ओळखीची.

मिरजेहून

बेकरीची खारी वापरू नये, एवढंच. तिचे पापुद्रे पाक शोषतात, मुळात स्निग्धांश भरपूर, सगळं तेलकट होतं.

सांगलीहून

चॉकलेटबद्दल. एप्रिल-मेमध्ये इथली दुपार चाळिशीला टेकते आणि खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. तेव्हा उन्हाळ्यात कंपाउंड चॉकलेट वापरा. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांना वितळवणं आणि गार करणं) करावं लागत नाही आणि थर लवकर बसतो. चवीला खरं चॉकलेट सरस, ते डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवावं. दोन्हींचा शत्रू एकच: पाण्याचा थेंब. खाली उकळतं पाणी ठेवून वितळवताना वरच्या भांड्यात वाफेचा एक थेंब पडला तरी चॉकलेट खरबरीत गोळा होऊन बसतं. वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या, म्हणजे वाफ बाहेरून जाते. गोळा झालाच तर थोडं थोडं गरम दूध घालून सॉस करा; टॉफीवर तो थर पुन्हा कडक होणार नाही.

तासगावहून

मारीचा रोल. 200 ग्रॅम मारी मिक्सरमधून काढून चाळा, 2 मोठे चमचे कोको, 50 ग्रॅम पिठीसाखर, 60 ग्रॅम मऊ बटर. दूध इथे सगळा घोळ घालतं. आधी 3 चमचेच घाला, मळा आणि 10 मिनिटं झाकून ठेवा. चुरा सावकाश दूध पितो. कोरडं वाटलं म्हणून लगेच आणखी घातलं की 10 मिनिटांनी गोळा हाताला चिकटतो. ठेवल्यानंतरही भेगा पडत असतील तरच चौथा चमचा.

सारणाला 60 ग्रॅम सुकं खोबरं, 40 ग्रॅम पिठीसाखर, 30 ग्रॅम बटर आणि बारीक चिरलेले बेदाणे 40 ग्रॅम. बेदाणे कोमट पाण्यात धुऊन घ्या, पण पंख्याखाली कापडावर 4-5 तास वाळवल्याशिवाय वापरू नका. ओला बेदाणा रोलमध्ये भोवतीचा चुरा मऊ करतो आणि कापताना नेमकं तिथेच भोक पडतं. मारीचा गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, वर सारण पसरा, गुंडाळा, 2 तास फ्रिज. कापायला दोरा सर्वांत चांगला: रोलच्या खालून घालायचा आणि वर फुली करून ओढायचा. चकती चपटी होत नाही.

पाचगणीहून

स्ट्रॉबेरी आणि चक्क्याच्या थरांचं लिहिते. मारी गार कॉफीत एक सेकंद बुडवून काढायची, दोन नाही. ग्लुकोज बिस्किट नुसतं बुडवलं तरी विरतं, त्यामुळे त्यावर ब्रशने कॉफी लावा. फळ चिरून 2 चमचे साखर लावून 20 मिनिटं ठेवा, सुटलेला रस गाळून निम्मा होईपर्यंत आटवा, गार करून शेवटी वरून घाला. रसासकट फळ थरात घातलं तर खाली पाणी साचतं. चक्का रात्रभर टांगलेला हवा. पदार्थ 6 तासांनी खायला घ्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

साताऱ्याहून, आणखी एक

दोन खाऱ्या बिस्किटांमध्ये कंदी पेढा भरून बघा. 100 ग्रॅम पेढे कुस्करायचे, एक चमचा कोमट दुधात मळायचे, आणि बिस्किटात भरून लगेच वाढायचे. खवा मुळात भाजलेला आणि खमंग, त्याला मीठ लागलं की गोडी उठून येते. अर्ध्या तासात बिस्किट मऊ पडतं, म्हणून पाहुणे बसल्यावरच भरा.

पातेल्याला चिकटलेला पाक खरवडू नका. पातेलं पाण्याने भरून उकळा, सगळा आपोआप सुटतो.