हिटलरला बहुमत नेमकं कधी मिळालं? इंदूरच्या अभ्यासवर्गासाठी आकडे आणि पायऱ्या हव्यात

तुकोगंजकर, इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे रविवारी कॉलेजच्या मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. सध्याचा विषय जर्मनी, १९१९ ते १९३४. तीन बैठका, तीस मुलं. शेवटच्या बैठकीत २३ मार्च १९३३ चं राइशटागमधलं (जर्मन संसदेतलं) मतदान, म्हणजे हिटलरच्या मंत्रिमंडळालाच कायदे करू देणारं, मुलांकडूनच करून घ्यायचं ठरलंय. नाझी, सोशल डेमोक्रॅट, कम्युनिस्ट अशा बाकांवर मुलं वाटून बसवायची आणि हात वर करायला लावायचे.

अडचण अशी की निम्मी मुलं म्हणतात हिटलर रीतसर बहुमताने निवडून आला, निम्मी म्हणतात त्याने बंड करून सत्ता बळकावली. दोन्ही बाजूंकडे व्हॉट्सॅपचे फॉरवर्ड तयार आहेत. तेव्हा जाणकारांनी सांगावं: बहुमत मिळालं का, कधी? तेव्हाच्या जर्मन राज्यघटनेचं ते कलम ४८ प्रत्यक्षात चालायचं कसं? आणि मतदानासाठी कोणाच्या किती जागा धरायच्या? भिंतीवर लावायला चित्रंही जमवलीत. हातगाडीभर नोटा नेणाऱ्या माणसाचं छायाचित्र हिटलरच्या विजयाशेजारी लावायचा विचार आहे.

---

मांजलपूरवाली, वडोदरा

दोन्ही फॉरवर्ड रद्दीत टाका.

मोकळ्या निवडणुकीत नाझींना बहुमत एकदाही मिळालं नाही. मे १९२८ मध्ये २.६ टक्के मतं, १२ जागा. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, १०७ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के, ६०८ पैकी २३०, हा कळस. नोव्हेंबर १९३२ मध्ये घसरून ३३.१ टक्के, ५८४ पैकी १९६. म्हणजे हिटलर चॅन्सेलर (सरकारप्रमुख) व्हायच्या तीनच महिने आधी नाझींची जवळजवळ वीस लाख मतं गळाली होती. ५ मार्च १९३३ ला सरकार, पोलीस, रेडिओ सगळं हाताशी असूनही ४३.९ टक्क्यांवरच गाडी थांबली. (मुलं विचारतील की एकूण जागा दर वेळी वेगळ्या कशा. तिथे ६०,००० मतांमागे एक जागा असा हिशेब होता. मतदान वाढलं की सभागृह फुगायचं.)

बंडाचं म्हणाल तर ते हिटलरने म्युनिकमध्ये ८ आणि ९ नोव्हेंबर १९२३ ला केलं आणि सपशेल फसलं. पाच वर्षांची शिक्षा झाली, पण २० डिसेंबर १९२४ ला हा बाहेर. त्यानंतर त्याने कायद्याच्याच दाराने आत शिरायचं धोरण धरलं.

ते दार कसं उघडलं हे कळायला फळ्यावर तीन आकडे लिहा: ५३, ४८, २५. कलम ५३ खाली चॅन्सेलरला राष्ट्राध्यक्षाने नेमायचं. कलम ४८ खाली सार्वजनिक सुरक्षितता गंभीर धोक्यात असेल तर तोच वटहुकूम काढणार, लष्कर वापरणार, ठरावीक सात मूलभूत हक्क स्थगित करणार. मात्र राइशटागने साध्या बहुमताने मागणी केली की वटहुकूम रद्द करावा लागे. इथपर्यंत तोल ठीक आहे. पण कलम २५ खाली राइशटाग विसर्जित करायचा हक्कही त्याच माणसाला! वटहुकूम रद्द केलात तर तुम्हीच घरी जा, साठ दिवसांत निवडणूक, आणि तोवर नवे वटहुकूम चालू.

जुलै १९३० मध्ये नेमकं हेच झालं. तेव्हाचा चॅन्सेलर ब्रूनिंग याचा आर्थिक मसुदा सभागृहाने फेटाळला, तोच वटहुकूम म्हणून आला, १८ जुलैला सभागृहाने तोही रद्द केला. त्याच दिवशी विसर्जन, आणि थोड्याच दिवसांत वटहुकूम पुन्हा जारी. १४ सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ वरून १०७ वर गेले. पुढचा उतार आकड्यांत दिसतो: १९३० मध्ये राइशटागचे कायदे ९८ आणि वटहुकूम ५, १९३१ मध्ये ३४ आणि ४४, १९३२ मध्ये ५ आणि ६६. माझ्या मते तुमच्या भिंतीवर सगळ्यांत मोठ्या अक्षरात हाच तक्ता हवा. संसदेशिवाय कारभार चालवायची सवय हिटलर यायच्या आधीच लागली होती.

मुलांना एखादा प्रसंग हवा असेल तर १२ सप्टेंबर १९३२ चा घ्या. चॅन्सेलर पापेन विसर्जनाचा हुकूम लाल पेटीत घालून सभागृहात आलेला, बोलायची परवानगी मागतोय. सभागृहाच्या अध्यक्षपदी नाझींचा गोअरिंग. तो मुद्दाम दुसरीकडे बघत अविश्वासाचं मतदान पुकारतो. पापेनने हुकूम टेबलावर ठेवला तरी गोअरिंगला तो दिसतच नाही. ५१२ विरुद्ध ४२ ने पापेन आपटला. कायद्याने विसर्जन खरं ठरलं, पण अब्रू जायची ती गेली.

---

लष्करवाला, ग्वाल्हेर

ताईंनी पाया घातलाच आहे, मी फक्त मतदानाचं बघतो. तुकोगंजकर, तीस मुलांना तीस मतं देऊ नका, निकाल उलटा लागेल. हिशेब करून दाखवतो.

५ मार्चनंतरचं सभागृह ६४७ चं. नाझी २८८, जर्मन राष्ट्रवादी ५२ (हे सरकारातले भागीदार), सोशल डेमोक्रॅट १२०, कम्युनिस्ट ८१, कॅथलिकांचा केंद्र पक्ष आणि त्याचा बव्हेरियन भाऊबंद मिळून ९२, किरकोळ पक्ष १४.

मसुदा घटनादुरुस्तीचा होता, कारण चार वर्षं मंत्रिमंडळालाच कायदे करायची मुभा द्यायची होती, घटनेपासून फारकत घेणारेसुद्धा. अशा मसुद्याला कलम ७६ च्या दोन अटी. एक, एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश हजर, म्हणजे ४३२. दोन, हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने. बहुतेक जण इथेच घसरतात, एकच अट धरतात.

पहिली अट आधी घ्या. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट दोघेही आले नाहीत तर उरतात ४४६. केंद्र पक्षाचे पंधरा जण जरी आजारी पडले तरी गणसंख्या कोसळली! म्हणून नाझींनी त्या दिवशी आधी सभागृहाचे नियम बदलून घेतले: सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणारा हजर धरायचा, आणि कारण सबळ आहे की नाही ते अध्यक्ष ठरवणार. अध्यक्ष कोण, तर गोअरिंग. ही नियमदुरुस्ती नाटुकल्यात घ्याच.

आता दुसरी. राइशटागला २७ फेब्रुवारीला आग लागली होती, त्यामुळे बैठक क्रोल ऑपेरागृहात. बाहेर आणि आत नाझींचे तपकिरी शर्टवाले दलवाले. कम्युनिस्ट ८१ च्या ८१ अटकेत किंवा भूमिगत. सोशल डेमोक्रॅट १२० पैकी ९४ आले, उरलेले तुरुंगात, परागंदा किंवा आजारी. बाजूने ४४४, विरोधात ९४. एकूण ५३८, त्याचे दोन तृतीयांश ३५९.

कळीचा प्रश्न असा की केंद्र पक्ष आणि बव्हेरियन मिळून ९२ फिरले असते तर? ४४४ मधून ९२ वजा करा, ३५२. सात मतं कमी, मसुदा पडला. म्हणजे कम्युनिस्टांना कोंडूनही हिटलरला केंद्र पक्षाचा होकार लागत होता. त्यासाठी त्याने चर्च, शाळा, न्यायालयं यांबद्दल आश्वासनं दिली, आणि केंद्र पक्षाचा नेता मॉन्सिन्योर कास लेखी पत्राची वाट बघत राहिला. ते पत्र मतदानापर्यंत आलंच नाही.

हेच तीस मुलांत बसवा: नाझी १३, राष्ट्रवादी २, सोशल डेमोक्रॅट ६, कम्युनिस्ट ४, केंद्र ४, किरकोळ १. कम्युनिस्ट बाहेर, सोशल डेमोक्रॅटांतले चार हजर, म्हणजे एकूण २४ आणि दोन तृतीयांश १६. नाझी, राष्ट्रवादी आणि तो एकटा किरकोळ मिळूनच १६ होतात! केंद्र पक्षाची गरजच उरत नाही आणि नाटकातला जीव जातो. सगळी गडबड पूर्णांक करताना होते.

त्यामुळे मुलं हवी तशी बसवा, पण प्रत्येकाच्या हातात जागांचा आकडा लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी द्या. केंद्राच्या चौघांना प्रत्येकी २३, म्हणजे बरोबर ९२. नाझींच्या बाराजणांना प्रत्येकी २४, म्हणजे २८८. हात नव्हे, पाट्या मोजा. सोशल डेमोक्रॅटांच्या पाट्या दोन संच करा, एक १२० चा आणि एक ९४ चा. आधी पहिला वापरा, मग अटका जाहीर करून दुसरा. बेरीज करायला एक मुलगा फळ्याशी कायमचा ठेवा.

विरोधात भाषण एकच झालं, सोशल डेमोक्रॅटांच्या ओटो वेल्सचं. ते चांगल्या वाचणाऱ्याला द्या. आणि किरकोळ पक्षांतल्या एका मुलाला थिओडोर हॉयस करा. तोही बाजूनेच मत देऊन बसला आणि १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पोरं यावर तासभर भांडतील.

---

रामबागकर, इंदूर

नोटांच्या हातगाडीचं चित्र तिथून काढा हो. ती महागाई १९२३ ची. जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमने जर्मनीचा रूर हा औद्योगिक पट्टा ताब्यात घेतला, जर्मन सरकारने संपावरच्या कामगारांना नोटा छापून पगार दिले, आणि नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क झाले. त्यानंतर नवं चलन आलं, डॉज योजनेखाली अमेरिकी कर्ज आलं, आणि १९२८ मध्ये नाझी २.६ टक्क्यांवर होते. नोटांमुळे हिटलर आला असता तर तो १९२४ मध्येच यायला हवा होता.

१९३२ चं दुखणं नेमकं उलटं. पैसा भरमसाट नव्हता, पैसाच नव्हता. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकी बँका अल्प मुदतीची कर्जं परत मागू लागल्या. मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआन्स्टाल्ट गडगडली, जुलैत बर्लिनची डानाट बँक बुडाली. ब्रूनिंग मात्र वटहुकमाने पगार, भाडी, भत्ते कापत सुटला. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार साठ लाखांवर. तेव्हा त्या जागी कामधंदा कचेरीपुढच्या रांगेचं छायाचित्र लावा, आणि हातगाडी १९२३ च्या खाली, म्युनिकच्या बंडाशेजारी. तिथे ती अगदी चपखल बसते.

इंदूरची मुलं आहेत म्हणून एक सुचवतो. याच वर्षांत यशवंतराव होळकरांचा माणिकबाग राजवाडा उभा राहत होता, आणि त्याचा वास्तुकार एकार्ट मुथेसियस बर्लिनचा. कालपट्टीवर खालच्या ओळीत माणिकबागेची एक चिठ्ठी डकवा. त्याचा सत्तेशी काही संबंध नाही, पण तारखा लक्षात राहायला बरी.

---

तुकोगंजकर, इंदूर

लष्करवाले दादा, पाट्यांची युक्ती उचलली. रामबागकर काका, हातगाडी हलवली. आता एकच शंका. ३७ टक्के असताना ऑगस्ट १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने हिटलरला सरळ नाही म्हटलं, मग ३३ टक्क्यांवर आल्यावर हो कसं म्हटलं?

---

मांजलपूरवाली, वडोदरा

३३ वर आला म्हणूनच. १३ ऑगस्टला हिटलर सगळी सत्ता मागत होता आणि मतांच्या जोरावर मागत होता. नोव्हेंबरनंतर पक्षाची तिजोरी रिकामी, कार्यकर्ते कुरकुरणारे. पापेनला वाटलं, हा आता स्वस्तात मिळेल. त्यात जनरल श्लायशरने पापेनची चॅन्सेलरची खुर्ची काढून घेतली होती, त्याचा राग वेगळाच. ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमध्ये श्र्योडर नावाच्या बँकवाल्याच्या घरी पापेन आणि हिटलर भेटले. तिकडे श्लायशरने हिंडेनबर्गकडे पुन्हा विसर्जन मागितलं, ते मिळालं नाही, आणि २८ जानेवारीला त्याने राजीनामा दिला. ३० जानेवारीच्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच. पापेन उपचॅन्सेलर. हिशेब असा की बाकीचे सगळे याला घेरून ठेवतील.

खातेवाटप बारकाईने बघा, गफलत तिथेच झाली. नाझींपैकी फ्रिकला केंद्रीय गृहखातं, पण पोलीस केंद्राचे नव्हतेच, राज्यांचे होते. गोअरिंग म्हणायला बिनखात्याचा मंत्री, शिवाय प्रशियाच्या गृहखात्याचा कारभारी. प्रशिया म्हणजे देशाचा सुमारे तीन पंचमांश भाग, आणि तिथलं सगळं पोलीस दल त्याच्या हाताखाली. फेब्रुवारीत त्याने नाझींच्याच दलांतले तपकिरी आणि काळे शर्टवाले, शिवाय स्टालहेल्मचे माजी सैनिक मिळून ५०,००० जणांना दंडावर पट्टा बांधून पूरक पोलीस केलं. आग लागल्यावर २८ फेब्रुवारीचा वटहुकूम निघाला, कलम ४८ चाच, सातही हक्क स्थगित. त्यावर धरपकड करायला माणसं तयारच उभी होती.

प्रशिया इतकं अलगद हाती कसं आलं, हे मुलं विचारणारच. म्हणून दुसऱ्या बैठकीत २० जुलै १९३२ गाळू नका. त्या दिवशी पापेनने, पुन्हा कलम ४८ लावून, सोशल डेमोक्रॅट ओटो ब्राउनचं प्रशिया सरकार बरखास्त केलं आणि स्वतः तिथला आयुक्त झाला. सोशल डेमोक्रॅटांच्या हातातले पोलीस तेव्हाच गेले होते. गोअरिंगने सहा महिन्यांनी फक्त किल्ली फिरवली.