इओसिनोफिल वाढलेत, स्टूल निगेटिव्ह: रक्तावरून जंत पक्के ठरवता येतात का?

ओपीडी_यवतमाळ

३४ वर्षांची शेतमजूर महिला, शेतात अनवाणी काम. थकवा, चढ चढताना धाप. हिमोग्लोबिन ७.८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६६, पांढऱ्या पेशी ९,२००, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १४ टक्के. पाळीत रक्तस्राव जास्त नाही. स्टूल एकदाच तपासलं, त्यात काही सापडलं नाही. एक लॅब टोटल आयजीई (अ‍ॅलर्जीत आणि जंतांत वाढणारी अँटिबॉडी) करा म्हणते, दुसरी ‘पॅरासाइट अँटिबॉडी’ पाठवा म्हणते. दोन्हींचा खर्च तिला झेपणारा नाही. जंत आहेतच असं ठामपणे सांगणारी रक्ताची एखादी तपासणी आहे का?

दुसरा एक रुग्ण, वय ६२, शेतकरी. नेफ्रॉटिक सिंड्रोमसाठी (मूत्रपिंडाचा आजार) प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू करायचंय. त्याचे इओसिनोफिल ११ टक्के आहेत. आधी काही बघून घ्यावं का?

स्लाइड_आणि_स्टेन

डॉक्टर, गोलकृमी, हुकवर्म आणि व्हिपवर्म या तिघांसाठी रोजच्या वापरात भरवसा ठेवावा अशी रक्ताची तपासणी नाही. अँटिबॉडी जंत पडून गेल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात, शिवाय एका कृमीची अँटिबॉडी दुसऱ्या कृमीच्या तपासणीतही पॉझिटिव्ह दाखवते (क्रॉस होते). आपल्याकडे लहानपणी जंत झाले नाहीत असा माणूस विरळाच, तेव्हा पॉझिटिव्ह आली तरी ती आजच्या जंतांची की पडून गेलेल्यांची हे कळत नाही. टोटल आयजीईचंही तेच. दमा, त्वचेची अ‍ॅलर्जी, फायलेरिया (हत्तीरोगाचा कृमी), कशानेही वाढते. रिपोर्ट काहीही आला तरी तुमचं औषध बदलणार नाही. दोन्ही सोडून द्या.

इओसिनोफिल मात्र नीट वाचा. टक्के बाजूला ठेवून अ‍ॅब्सोल्यूट काउंट काढा: ९,२०० × १४ ÷ १०० = १,२८८. पाचशेच्या वर म्हणजे वाढलेले, १,५०० पर्यंत सौम्य, ५,००० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. टक्क्यांवर विसंबलं की दोन्ही बाजूंनी फसगत होते. पेशी ४,००० असताना ८ टक्के म्हणजे ३२०, अगदी नॉर्मल. पेशी १४,००० असताना ४ टक्के म्हणजे ५६०, वाढलेले, पण रिपोर्टवर त्या आकड्याखाली कोणी रेघ मारत नाही.

काउंट कुठल्या मशीनवर केला तेही विचारा. थ्री-पार्ट मशीन (पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणारं) इओसिनोफिल वेगळे मोजतच नाही, ‘मिड’ पेशींत ढकलतं. मग रिपोर्टवरचा आकडा स्मिअरवरून (काचेवर पसरलेल्या रक्तावरून) शंभर पेशी मोजून लिहिलेला असतो. शंभरात ५ दिसले तर खरा आकडा १ ते ११–१२ यांच्यात कुठेही असू शकतो. निदान २०० पेशी मोजायला सांगा किंवा फाइव्ह-पार्टवर लावा.

चेंबरमध्ये (मोजणीचे चौकोन आखलेल्या काचेवर) हाताने मोजायचं तर डंगर्स फ्लुइड: १ टक्का इओसिन १० मिली, अ‍ॅसिटोन १० मिली, पाणी ८० मिली. रक्त एकास दहा पातळ करा, न्यूबॉर चेंबरचे नऊही मोठे चौकोन मोजा, आलेल्या संख्येला ११.१ ने गुणा. भरल्यापासून अर्ध्या तासात मोजणी आटपा. उशीर झाला की इओसिनोफिलच फुटू लागतात आणि काउंट खोटा कमी येतो. परत तपासताना रक्त त्याच वेळेला घ्या, कारण सकाळी कॉर्टिसॉल चढलेलं असताना हे कमी असतात आणि रात्री वाढतात. स्टेरॉइड किंवा ताजा जिवाणूसंसर्ग असेल तर हा आकडा विश्वासाचा नाही.

मल_सूक्ष्मदर्शी

वरच्या उत्तरात एक भर. इओसिनोफिल वाढतात ते कृमी ऊतींत शिरतो तेव्हा. म्हणून हुकवर्म, स्ट्राँगिलॉइडिस (आतड्यातला एक बारीक कृमी) आणि फुप्फुसांतून फिरणाऱ्या गोलकृमीच्या अळ्या काउंट चढवतात. आतड्यात निवांत पडून असलेला मोठा गोलकृमी फारसा चढवत नाही, पिनवर्म तर बहुतेक वेळा नाहीच. जिआर्डिया, अमिबानेही वाढत नाहीत. काउंट नॉर्मल आहे म्हणून जंत नाहीत असं म्हणता येत नाही.

आणखी एक खाच आहे. गोलकृमीची अंडी शौचात यायला संसर्गानंतर दोन-तीन महिने लागतात, हुकवर्मची पाच ते आठ आठवडे. काउंट सर्वांत जास्त असतो तेव्हाच स्टूल रिकामं असतं. तुमच्या बाईच्या बाबतीत मात्र हे कारण वाटत नाही. हिमोग्लोबिन ७.८ वर यायला बराच काळ गेलेला असणार. एका स्टूलवर निगेटिव्ह म्हणणं घाईचं आहे, बस.

एक दिवसाआड असे तीन नमुने घ्या. सलाइन माउंट (मीठपाण्यात कालवून थेट बघणं) पुरेसं नाही, कॉन्सन्ट्रेशन करा. साधारण १ ग्रॅम शौच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये कालवून गाळायचं, ७ मिली भरायचं, त्यात ३ मिली ईथर, बूच लावून मिनिटभर जोरात हलवायचं, ४०० ते ५०० जी वर दोन-तीन मिनिटं फिरवायचं. वरचे थर ओतून टाकून तळाचा गाळ बघायचा. बूच उघडताना तोंड दूर ठेवा, ईथरचा दाब असतो. आणि जवळपास ज्योत नको.

किती कृमी आहेत याचा अंदाज हवा तर काटो-काट्झ. साच्यात ४१.७ मिलिग्रॅम शौच बसतं, मोजलेली अंडी गुणिले २४ म्हणजे ग्रॅममागे अंडी. हुकवर्ममध्ये २,००० च्या आत सौम्य, ४,००० पासून पुढे तीव्र. ही स्लाइड तासाभरात बघितलीच पाहिजे. ग्लिसरीनमुळे हुकवर्मची पातळ अंडी पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात. सकाळी लावून दुपारी बघणाऱ्या लॅबमधून हुकवर्म ‘नाही’ असे रिपोर्ट येतात ते यामुळेच. पातळ शौचाला ही पद्धत चालत नाही.

ओपीडी_यवतमाळ

धन्यवाद. आज बाईचा दुसरा नमुना तपासला. त्यात अळ्या दिसल्या, लॅबने ‘स्ट्राँगिलॉइडिस’ लिहिलंय. नमुना आदल्या दिवशी सकाळचा होता, खोलीतच ठेवलेला. आता?

मल_सूक्ष्मदर्शी

मग लगेच मानू नका. खोलीच्या तापमानाला दिवसभर राहिलेल्या शौचात हुकवर्मची अंडी उबतात आणि त्याही अळ्याच दिसतात. लॅबला दोन गोष्टी बघायला सांगा. तोंडाची पोकळी लांब असेल तर हुकवर्म, आखूड असेल तर स्ट्राँगिलॉइडिस. पोटाच्या मध्यावर जननांगाचा ठळक अंकुर दिसला तर स्ट्राँगिलॉइडिस. आयोडीनचा थेंब टाकला की अळ्या थांबतात, मग बघणं सोपं जातं.

ताजा नमुना दोन भागांत घ्या: एक फॉर्मॅलिनमध्ये, एक कोरडा तसाच. कोरडा भाग फ्रीजमध्ये ठेवू नका, अळ्या मरतात आणि मग बेअरमन किंवा आगर प्लेट (जिवंत अळ्या शोधायच्या पद्धती) दोन्ही वाया. बेअरमनसाठी कोमट पाणी भरलेलं फनेल, जाळीवर गॉझ, त्यावर शौच. दोन तासांनी खालची चिमटी सोडून काही मिली पाणी काढा, फिरवा, गाळ बघा.

फिजिशियन_विदर्भ

आता बाईचा अ‍ॅनिमिया. जंत ओळखायला नाही, पण जंतांनी किती नुकसान केलं ते मोजायला रक्त कामाचं आहे. हुकवर्मच्या दोन जातींपैकी अँकायलोस्टोमाचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.१५ ते ०.२ मिली रक्त घालवतो, नेकेटर ०.०३ मिली. शंभर अँकायलोस्टोमा म्हणजे रोज १५ ते २० मिली. तिच्या हिमोग्लोबिनला मिलीमागे पाव मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं, म्हणजे रोज चार-पाच मिलिग्रॅम. जेवणातून एवढं भरून निघत नाही.

फेरिटिन (अंगातल्या लोहसाठ्याचं माप) करा, सोबत सीआरपी (दाहाचं माप). १५ च्या खाली फेरिटिन म्हणजे लोह संपलंय. पण अंगात दाह असेल तर ते खोटं वाढतं, तेव्हा मोठ्यांत ७० पर्यंतही लोह कमीच समजावं. विदर्भात एमसीव्ही ६६ बघून थॅलेसेमिया मायनर आणि सिकलचा विचारही व्हायला हवा. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) लोह भरून झाल्यावर केलेली बरी, कारण लोह कमी असताना ए-टू (थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणारं हिमोग्लोबिन) खाली दिसतं. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकदा, चावून, आणि लोह सुरू. पाळी चुकली नाही ना हे आधी विचारा, पहिल्या तिमाहीत ते देत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी स्टूल परत. हुकवर्ममध्ये एका डोसने सगळे पडतीलच असं नाही.

६२ वर्षांच्या काकांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. आतड्याच्या जंतांत रक्ताची तपासणी खरंच उपयोगी पडते ती इथे. स्ट्राँगिलॉइडिस अंगातल्या अंगात पिढ्या वाढवतो, म्हणून तो दशकानुदशकं टिकतो. स्टेरॉइड सुरू झालं की अळ्या आतड्याची भिंत फोडून फुप्फुसांत, मेंदूपर्यंत जातात, सोबत आतड्यातले जिवाणू नेतात. त्या अवस्थेत इओसिनोफिल बहुतेकदा वाढलेले नसतात, त्यामुळे तेव्हा काउंटची वाट बघण्यात अर्थ नाही. प्रेडनिसोलोनच्या आधी स्ट्राँगिलॉइडिस आयजीजी एलायझासाठी (या कृमीची अँटिबॉडी शोधणारी तपासणी) रक्त काढा. प्रतिकारशक्ती दबल्यावर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. स्टेरॉइड थांबवता येण्याजोगं नसेल तर रिपोर्टसाठी अडू नका: आयव्हरमेक्टिन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, दोन दिवस, उपाशीपोटी. ६० किलोला १२ मिलिग्रॅम. अल्बेंडाझोलची एक गोळी इथे पुरत नाही.

एलायझा पॉझिटिव्ह आली तर उपचारानंतर सहा ते बारा महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर परत करा. नंतरची रीडिंग भागिले आधीची ०.६ च्या खाली गेली तर औषध लागू पडलं. वेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

स्लाइड_आणि_स्टेन

हीच एलायझा फायलेरियाशी क्रॉस होते, आणि आपण नागपूर-चंद्रपूर-गडचिरोली या फायलेरियाच्या पट्ट्याच्या शेजारी आहोत. पॉझिटिव्ह आली आणि काउंट ३,००० च्या वर, रात्री कोरडा खोकला, आयजीई १,००० च्या वर असं चित्र असेल तर ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया (फायलेरियामुळे होणारा फुप्फुसांचा आजार) धरा. त्यात रात्रीच्या रक्तात मायक्रोफायलेरिया (फायलेरियाच्या अळ्या) बहुतेक दिसत नाहीत. त्याचं औषध डीईसी (डायइथिलकार्बामाझिन), किलोमागे ६ मिलिग्रॅम, तीन आठवडे. आयजीई कामाला येते ती अशा ठिकाणी.

आणि बाईचा इओसिनोफिल काउंट गोळी दिल्यावर आठवड्याभरात परत करू नका. जंत मरताना तो आधी चढू शकतो. चार-सहा आठवड्यांनी, हिमोग्लोबिनसोबतच करा.