नाणेघाट ते जुन्नर दोन दिवसांत: जीवधन, चावंड, हडसर सगळं बसेल का?

प्रश्न (पायवाट): डिसेंबरात चौघे जण कल्याणहून एसटीने निघणार. सातवाहनांची वाट आणि तिचे पहारेकरी किल्ले ओळीने पाहायचेत. दोघे अगदी नवखे. क्रम सुचवा.

मुरबाडकर: खालूनच चढा. माळशेजमार्गे जाणारी जुन्नर किंवा आळेफाट्याची गाडी धरा, वैशाखरे सोडल्यावर नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरा. अडीच-तीन तास चढ. वरच्या नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) दगड सुटे आहेत, म्हणून ही वाट उतरायला घेतली की गुडघे बोलतात. घाटाच्या वरच्या टोकाला असलेल्या लेण्यात घाई नको. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांच्या दक्षिणेचे आकडेही त्यात आहेत. बॅटरी समोरून मारलीत तर काही दिसणार नाही. भिंतीला लगटून तिरकी धरा, अक्षरं उठून येतात. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्तींची फक्त पावलं उरलीत, नावं वर कोरलेली. वर दगडी रांजण. जकातीचा म्हणतात. टाक्यातलं पाणी उकळून घ्या. मुक्काम घाटघरला.

खोबणी: दुसऱ्या दिवशी जीवधन. वानरलिंगी सुळक्याकडून गडाचा कल्याण दरवाजा गाठायचा मोह होईल, पण १८१८ मध्ये इंग्रजांनी पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे मध्ये पंधरा-वीस फुटांचा उभा कातळ आहे. पन्नास फुटी दोर आणि तो लावता येणारा माणूस नसेल तर घाटघरकडून जुन्नर दरवाजाने चढा, त्याच वाटेने उतरा. धान्यकोठीत मिट्ट काळोख असतो, बॅटरी प्रत्येकाकडे हवी.

मुरबाडकर: सहमत. नवखे चढताना अडत नाहीत, उतरताना खोबणीत पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही म्हणून अडतात.

कुकडीकाठ: अकरापर्यंत खाली आलात तरच चावंड जमेल. घाटघरहून एसटी मोजक्या, जीप आदल्या रात्रीच ठरवा. वाटेत पूर गावात कुकडेश्वराचं मंदिर आहे, अर्धा तास द्या. चावंडच्या पायऱ्याही तुटक्या, पण रेलिंग आहे. तिथेच जमिनीत उभी पुरलेली तोफ दिसेल. वर सप्तमातृकांची सात टाकी. हडसर मात्र गाळा. चावंडवरून समोर दिसतो खरा, पण मध्ये माणिकडोह धरणाचं पाणी. रस्ता जुन्नरकडून वळसा घालून जातो.

पायवाट: शिवनेरी संध्याकाळी?

कुकडीकाठ: नको. सात दरवाजे अंधारात उरकण्यापेक्षा जुन्नरला राहा आणि सकाळी जा.